‘ले मिझेराब्ल’मधल्या पूर्वग्रहाचा हिशेब कसा मांडायचा

‘कादंबरीतील पूर्वग्रह आणि त्याचे परिणाम’ असा विषय समोर आला की बहुतेक लेखन दुसऱ्याच परिच्छेदात ‘समाज निष्ठुर होता’ या वाक्यावर येऊन थांबतं. वाक्य खोटं नाही, पण त्यातून काहीच कळत नाही. कोण निष्ठुर होतं, कशावरून, आणि त्याने नेमकं काय गेलं? व्हिक्टर ह्यूगोची ‘ले मिझेराब्ल’ (१८६२) या प्रश्नांसाठी फार सोयीची आहे, कारण ह्यूगो पैशांचे आकडे देतो. कोणाला किती मजुरी मिळाली, केस कितीला गेले, चौकशीला गेलेल्या बाईचा प्रवासखर्च किती झाला, सगळं लिहून ठेवलेलं आहे. तेच आकडे धरून वाचायची ही पद्धत. निबंधाला चालते, वाचनमंडळातल्या चर्चेलाही चालते.

आधी प्रत कोणती घ्यायची

साने गुरुजींनी ही कादंबरी ‘दुःखी’ या नावाने मराठीत आणली, त्यामुळे कथानक बऱ्याच जणांना माहीत असतं. ते माहीत करून घ्यायला संक्षिप्त आवृत्ती ठीक, पण या कामाला संपूर्ण मजकूरच हवा. कात्री लागते तेव्हा सगळ्यात आधी आकडे आणि कोर्टातले तपशील जातात, आणि आपल्याला नेमके तेच पाहिजेत. इंग्रजीतून वाचत असाल तर इझाबेल हॅपगूडचं १८८७चं भाषांतर प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतं. नॉर्मन डेनीचं (१९७६) वाचायला सोपं आहे, मात्र त्याने दोन मोठी विषयांतरं उचलून परिशिष्टात टाकली आहेत. त्यामुळे क्रमांक जुळेनासे झाले तर घाबरू नका.

पूर्ण कादंबरी म्हणजे ५ भाग, ४८ पुस्तकं, ३६५ प्रकरणं. एवढं सगळं या कामासाठी वाचायची गरज नाही. पहिल्या भागातली दुसरं आणि चौथ्यापासून आठवं ही पुस्तकं, आणि पाचव्या भागातली चौथं आणि सातवं ते नववं, एवढं नीट वाचा. वॉटर्लूची लढाई, कॉन्व्हेंटचा इतिहास, पॅरिसची गटारं खुशाल सोडा. गटारांवरची प्रकरणं सुरेख आहेत, पण ती सुट्टीत वाचायची.

वहीत पाच रकाने

आडवं पान घ्या. रकाने असे: निवाडा कोणी केला, कशावरून केला, काय विचारायचं राहिलं, किंमत किती आणि ती कोणी भरली, आणि पाचवा, खरं कधी कळलं. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि लोक नेमका तोच गाळतात. एका प्रश्नाने जे कळलं असतं ते न विचारता माणसाबद्दल मत ठरवून टाकणं, ही पूर्वग्रहाची कामचलाऊ व्याख्या इथे पुरते. तिसऱ्या रकान्यात काही लिहिता येत नसेल, तर ती नोंद बहुधा पूर्वग्रहाची नसतेच.

म्हणून पहिलं काम निवडणीचं. कादंबरीचा नायक जाँ वाल्जाँ याला पावासाठी केलेल्या घरफोडीबद्दल ५ वर्षांची शिक्षा झाली. हे कायद्याचं क्रौर्य आहे. त्याने चोरी केली होती आणि न्यायाधीशाने कलम लावलं. पळून जायचे चार प्रयत्न, त्यांबद्दल वाढलेली ३, ५, ३ आणि ३ अशी १४ वर्षं, एकूण १९. हीही कलमंच. तेनार्दिए नवराबायको त्यांच्याकडे ठेवलेल्या कोझेतच्या नावाने तिच्या आईकडून, फान्तीनकडून, पैसे उकळतात तो लोभ. त्यांचा फान्तीनबद्दल काही गैरसमज नाही, उलट ती किती लाचार आहे याचा त्यांना अचूक अंदाज आहे. कायदा, लोभ आणि पूर्वग्रह एकाच पोत्यात भरले की निबंध फुगतो आणि मुद्दा हरवतो. अर्थात ही तिन्ही एकमेकांच्या हातात हात घालून चालतात. तेही दाखवायचं, पण वेगवेगळं ओळखल्यानंतर.

सरावासाठी: दीन्य गावातली एक संध्याकाळ

ऑक्टोबर १८१५. वाल्जाँ सुटून आला आहे. जवळ सुटलेल्या कैद्याचा पिवळा पासपोर्ट आहे आणि १०९ फ्रँक १५ सू. (१ फ्रँक म्हणजे २० सू, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, पुढे सारखं लागतं.) त्याच्या हिशेबाने १७१ फ्रँक मिळायला हवे होते. १९ वर्षांच्या मजुरीला १०९ फ्रँक, म्हणजे वर्षाला सहासुद्धा नाहीत.

सुटकेच्या दुसऱ्याच दिवशी, ग्रासमध्ये, तो एका अत्तराच्या भट्टीसमोर गाठोडी उतरवायला लागतो. मजुरी ३० सू, असं दुसऱ्या मजुराकडून त्याला कळलेलं असतं. मधेच पोलीस कागद बघून जातो. संध्याकाळी मालक त्याच्या हातावर कमी पैसे ठेवतो आणि तक्रार केल्यावर ‘तुला एवढे पुष्कळ’ अशा अर्थाचं बोलतो. काम तेच, ओझं तेच. मधल्या काळात फक्त एक कागद दिसला. वहीतली पहिली नोंद ही घाला. इथे किंमत पैशांतच आहे, त्यामुळे हात बसतो.

मग खाणावळ. मालक लाबार आधी चुलीपाशी बसू देतो आणि मागून एका मुलाला चिठ्ठी देऊन नगरपालिकेत पाठवतो. चिठ्ठीचं उत्तर आल्यावर त्याची भाषा बदलते, आणि कशी बदलते ते बारकाईने बघा. आधी जागा नाही. तबेल्यात झोपतो म्हटल्यावर तबेला घोड्यांनी भरलाय. जेवण? ते गाडीवानांनी आधीच सांगून ठेवलंय. वाल्जाँ आगाऊ पैसे द्यायला तयार आहे, तरी नाही. तो हलतच नाही म्हटल्यावर शेवटी खरं कारण बाहेर येतं: तू कोण आहेस ते मला कळलंय. सबबी आधी, कारण शेवटी. कादंबरीत पुढे जिथे जिथे कोणी गरजेपेक्षा जास्त सबबी देतो तिथे पेन्सिलीने खूण करा.

त्यानंतर दुसरी खानावळ, तुरुंगाचं दार, एक घर, कुत्र्याचं खुराडं. तुरुंगाचा पहारेकरी म्हणतो की ही धर्मशाळा नाही, पकडला गेलास की घेऊ आत. यातल्या प्रत्येकाची वेगळी नोंद नको, लाबार धरून एकच करा आणि समोर ‘५ नकार’ असं लिहा. पाचव्या रकान्यात बिशप मिरिएल येतो. तो नावही विचारत नाही, ताट मांडायला सांगतो. इथे थांबून बिशपच्या चांगुलपणावर पानभर लिहायचा मोह होतो. आवरा.

मुख्य काम: फान्तीनचा जमाखर्च

कादंबरीत पूर्वग्रहाची साखळी सर्वांत स्वच्छ दिसते ती फान्तीनच्या प्रकरणांत, म्हणून निम्मा वेळ इथे द्या.

फान्तीनला मूल आहे, लग्न झालेलं नाही. माँत्रई-सूर-मेर या गावी ती मादलेनच्या कारखान्यात कामाला लागते. (मादलेन म्हणजे नाव बदललेला वाल्जाँ, पुढे गावचा महापौर.) मुलगी कोझेत माँफेर्मेयला तेनार्दिएकडे ठेवलेली आहे: महिना ७ फ्रँक, सहा महिन्यांचे आगाऊ ४२, वर सुरुवातीच्या खर्चाचे १५, एकूण ५७. तिच्याजवळ होते ८०. पुढे ७चे १२ होतात, १२चे १५.

आता निवाडा कसा होतो बघा. फान्तीनला सहीपलीकडे लिहिता येत नाही, म्हणून ती पत्रलेखकाकडून पत्रं लिहून घेते. महिन्यातून निदान दोन पत्रं, नेहमी एकाच पत्त्यावर. बायकांत कुजबूज सुरू होते. पत्रलेखकाला दारू पाजली की तो बोलतो. व्हिक्त्युर्निएँ नावाची ५६ वर्षांची बाई, स्वतः एका पळून आलेल्या साधूशी लग्न केलेली, पदरचे ३५ फ्रँक खर्चून माँफेर्मेयला जाते, मूल बघून येते आणि गावभर सांगते. मूल खरंच आहे, त्यामुळे माहिती खोटी नाही. पूर्वग्रह म्हणजे खोटी माहिती, असं समजणाऱ्याची इथे गोची होते. खऱ्या माहितीवरून काढलेला निष्कर्ष (‘म्हणजे बाई वाईट चालीची’) हा पूर्वग्रह आहे, आणि विचारायचा राहिलेला प्रश्न असा: मुलाचा खर्च कोण करतं?

कारखान्यात बायकांचा विभाग वेगळा आहे आणि त्यावर एक देखरेख करणारी बाई नेमलेली आहे. मादलेन तिथे सहसा पाऊल टाकत नाही. ही बाई फान्तीनला महापौरांच्या नावाने ५० फ्रँक देते, कामावरून काढते आणि गाव सोडायला सांगते. आपण योग्य तेच करतोय अशी तिची खात्री आहे. मादलेनला पत्ताच नाही. फान्तीन मात्र त्यालाच दोषी धरते, म्हणजे तिच्याही बाजूने एक चुकीचा निवाडा होतो. हीसुद्धा नोंद करा, सोडू नका.

आता आकडे एकाखाली एक मांडा. ५० फ्रँक घरमालक आणि फर्निचरवाल्यात वाटले गेले. तीन चतुर्थांश सामान परत गेलं. उरला पलंग आणि सुमारे १०० फ्रँक कर्ज. कर्ज असल्याने ती गाव सोडू शकत नाही, आणि गावात तिला कोणी कामाला ठेवत नाही. ती शिपायांचे जाडेभरडे शर्ट शिवते, रोजचे १२ सू. कोझेतचे १५ फ्रँक म्हणजे रोजचे १० सू. उरले २. एकही सुट्टी न घेता महिनाभर शिवलं तर १८ फ्रँक मिळतात. १५ गेल्यावर खोली, अन्न आणि कर्ज यांना ३. मग तुरुंगातल्या स्त्रियांकडून स्वस्तात काम करून घेणारा एक ठेकेदार येतो आणि भाव पाडतो: १७ तासांचे ९ सू. महिन्याचे साडेतेरा फ्रँक, म्हणजे कोझेतच्या खर्चालाही कमी. ही बेरीज ह्यूगो करून दाखवत नाही, आपण करायची. ती केली की सगळं ‘नशीब’ वाटत नाही, अपरिहार्य दिसतं. ठेकेदाराने भाव पाडणं हा पूर्वग्रह नाही, तो बाजार आहे. पण फान्तीन त्या बाजारात उघडी पडली ती कामावरून काढल्यामुळे. दोन वेगळ्या ओळी, मधे बाण.

ठेकेदार येण्याआधीच केस १० फ्रँकला गेले होते. त्यातून लोकरीचा स्कर्ट घेऊन पाठवला, तो तेनार्दिएच्या मुलीच्या अंगावर गेला. समोरचे दोन दात ४० फ्रँकला गेले, मुलीच्या आजाराच्या खोट्या पत्रामुळे. नंतर १०० फ्रँकची मागणी आली आणि विकायला काही उरलं नाही तेव्हा ती रस्त्यावर उभी राहिली. आता व्हिक्त्युर्निएँबाईंचे ३५ फ्रँक या यादीशेजारी लिहा. ३५ फ्रँक म्हणजे ७०० सू, म्हणजे फान्तीनच्या ५८ दिवसांच्या शिलाईचे पैसे. दोन दातांना ४० मिळाले, कुतूहल भागवायला ३५ लागले. निबंधात हे दोन आकडे शेजारी ठेवले तर विशेषण एकही लागत नाही.

जानेवारी १८२३मध्ये बामाताबुआ नावाचा एक रिकामटेकडा तिच्या पाठीत बर्फ कोंबतो, ती त्याच्यावर धावून जाते, आणि पोलीस निरीक्षक जाव्हेर तिला सहा महिन्यांचा तुरुंग फर्मावतो. सुरुवात कोणी केली हे जाव्हेर विचारत नाही. एक बाजू मतदार आणि बाल्कनीच्या घराची मालक, दुसरी बाजू वेश्या. त्याच्या दृष्टीने निकाल तिथेच लागलेला आहे.

हे लिहायचं कसं

नमुन्यादाखल एक परिच्छेद:

‘देखरेख करणाऱ्या बाईने फान्तीनला काढलं ते तिला मूल आहे म्हणून. त्या मुलाचा खर्च फान्तीन एकटी उचलत होती, हे कोणी विचारलं नाही. पगार गेल्यावर रोजच्या १२ सूंपैकी १० मुलीवर जाऊ लागले. म्हणजे ज्या जबाबदारीसाठी तिला शाबासकी मिळायला हवी होती, तीच तिच्याविरुद्धचा पुरावा ठरली. आणि चारित्र्य जपण्यासाठी केलेल्या कारवाईने तिला वर्षभरात रस्त्यावर आणलं.’

यात ‘क्रूर’, ‘हृदयद्रावक’, ‘अमानुष’ यांपैकी काही नाही. निवाडा, आधार, न विचारलेला प्रश्न, किंमत, एवढंच आहे. प्रत्येक नोंदीचा असा ५० ते ८० शब्दांचा परिच्छेद झाला पाहिजे. होत नसेल तर रकान्यात काहीतरी कमी आहे. बहुतेक वेळा तिसराच रिकामा असतो.

कोर्ट: शांमात्यूचा खटला

हा भाग वाचनमंडळात मोठ्याने वाचावा असा आहे. शांमात्यू नावाचा म्हातारा सफरचंदांच्या फांदीसह सापडतो. ब्रव्हे हा जुना कैदी म्हणतो, हा तर वाल्जाँ. आणखी दोन कैदी, शनिल्दिए आणि कोशपाय, दुजोरा देतात; जाव्हेरही देतो. चार साक्षी. जाव्हेर मादलेनला समजावून सांगतो ते इथे महत्त्वाचं: भिंत चढून फांदी मोडणं हे पोराने केलं तर खोडी, माणसाने केलं तर किरकोळ गुन्हा, आणि सुटलेल्या कैद्याने केलं तर जन्मठेप. कृत्य एक, भाव तीन.

पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे साक्षीदारांनी प्रत्यक्ष काय सांगितलं, उजवीकडे त्याची पडताळणी कशी झाली. उजवी बाजू कोरी राहते. चेहरा ओळखीचा वाटतो, यापलीकडे कोणी काही सांगत नाही, आणि चौघांचं एकमत हाच पुरावा मानला जातो. शांमात्यूचं बोलणं भरकटतं: पॅरिसमधलं गाडीची चाकं करण्याचं काम, थंडी, धुणी धुणारी आणि वारलेली मुलगी. कोर्टाला ते बनेल वाटतं. गोंधळून बोलणारा तो गुन्हेगार, हा निष्कर्ष वेगळी नोंद म्हणून लिहा. त्याच्या वकिलाचीही वेगळी लिहा, कारण तोसुद्धा हा वाल्जाँ असावा असं जवळजवळ मान्य करून बसतो. आणि ज्यूरीत कोण बसलंय ते बघा: बर्फ कोंबणारा तोच बामाताबुआ.

मादलेन उभा राहून खरा वाल्जाँ मीच असं सांगतो, तेव्हा तो आपला चेहरा पुढे करत नाही. ब्रव्हेला त्याच्या विणलेल्या चौकड्यांच्या गॅलिसची आठवण देतो, शनिल्दिएच्या उजव्या खांद्यावरचा भाजलेला डाग सांगतो, कोशपायच्या डाव्या हातावर गोंदलेली १ मार्च १८१५ ही तारीख सांगतो. बाही वर करून बघतात, तारीख असते. कोरी राहिलेली उजवी बाजू आत्ता भरते. पडताळणी म्हणजे काय हे कादंबरीतच दाखवलेलं आहे.

जाव्हेरला खलनायक करू नका

फार सोपं पडतं म्हणून लोक सगळं बिल जाव्हेरच्या नावावर फाडतात. त्याचा जन्म तुरुंगातला, आई पत्त्यांवर भविष्य सांगणारी, बाप सक्तमजुरीच्या शिक्षेवर. समाज दोन प्रकारच्या माणसांना कायमचं बाहेर ठेवतो, त्याच्यावर हल्ला करणारे आणि त्याची राखण करणारे, असं त्याला दिसलं आणि त्याने दुसरा गट निवडला. म्हणजे त्याच्याकडे असलेला पूर्वग्रह आधी त्याच्याच जन्मावर लागू होता. पाचव्या भागाच्या चौथ्या पुस्तकात तो सेन नदीत उडी घेतो. त्याच्या नावाने किंमतीचा रकाना भरायचा तो तिथे.

सर्वांत अवघड नोंद: मारिउस

मारिउस सुशिक्षित, उदार मतांचा, पॅरिसच्या उठावात रस्ता अडवणाऱ्या बॅरिकेडवर लढलेला तरुण. वाल्जाँने लेकीसारखी वाढवलेल्या कोझेतशी त्याचं लग्न होतं, आणि दुसऱ्या दिवशी वाल्जाँ त्याला आपण माजी कैदी असल्याचं सांगतो. मारिउस त्याला हाकलत नाही. तळमजल्यावरच्या दमट खोलीत कोझेतला भेटायची परवानगी देतो. मग एके दिवशी शेकोटी पेटलेली नसते. मग खुर्च्या दाराजवळ सरकवलेल्या असतात. मग खुर्च्याच नसतात. कोझेतने विचारलं की वाल्जाँ म्हणतो, मीच सांगितलं होतं तसं करायला. लाबारच्या सबबींवर केलेल्या खुणा इथे उघडा: इथे अपमान करणाऱ्याला सबब शोधावीच लागत नाही, अपमान झालेलाच ती पुरवतो.

मारिउसच्या मनात तीन आरोप आहेत. जवळजवळ ६ लाख फ्रँकचा हुंडा कुठल्यातरी मादलेनला लुटून आणलेला असणार. वाल्जाँने बॅरिकेडवर जाव्हेरला मारलं. आणि माणूस मुळातच धोक्याचा. एकही तो तोंडावर विचारत नाही. उलगडा होतो तो ब्लॅकमेल करायला आलेल्या तेनार्दिएकडून: मादलेन म्हणजे वाल्जाँच, जाव्हेरने आत्महत्या केली, आणि गटारातून खांद्यावर वाहून नेलेलं ‘प्रेत’ म्हणजे खुद्द मारिउस. पाचव्या रकान्यात ‘वाल्जाँच्या मृत्यूच्या काही तास आधी’ असं येतं.

चर्चेत ही नोंद शेवटी घ्या, आणि ‘मारिउस वाईट आहे का’ असा प्रश्न ठेवू नका. त्यावर तासभर वाद होतो आणि हाती काही लागत नाही. त्याऐवजी विचारा, शेकोटी विझवायला कोणी सांगितलं ते पानावर दाखवा. ते शोधताना मंडळी मजकुरात शिरतात. एका बैठकीत फान्तीन, दुसरीत शांमात्यू, तिसरीत मारिउस, प्रत्येकी दीड तास, एवढी विभागणी आठ-दहा जणांच्या गटाला पुरते. दीन्यची संध्याकाळ घरून वाचून यायला सांगा.

एक पान शेवटी निवेदकासाठी राखून ठेवा. ह्यूगोही निवाडे करतो. बायका स्वभावतः कशा असतात, अमुक चेहऱ्याचा माणूस तमुक वृत्तीचा, अशी ठोक विधानं तो बिनदिक्कत करून जातो. तेच पाच रकाने त्यालाही लावा. तिसरा रकाना भरायला फार वेळ लागणार नाही.